अर्थ ठेवलाय कुणाकडे?

गणपतीची आरती संपली, टाळ खाली ठेवले की मंडपाचा सूर बदलतो. मघापर्यंत बेंबीच्या देठापासून ओरडणारी पोरं आवाज खाली आणतात, प्रत्येकाच्या मुठीत दोन-दोन फुलं येतात आणि मंत्रपुष्पांजली सुरू होते. स्वर कुठे लांबवायचा, कुठे तोडायचा, फुलं नेमकी कधी टाकायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातल्या एखाद्याला बाजूला घेऊन ‘आत्ता काय म्हणालास?’ असं विचारलं तर तो हसेल.

मंत्रपुष्पांजलीत मूळ चार मंत्र आहेत. पहिला ऋग्वेदातला, देवांनी केलेल्या यज्ञाविषयीचा. दुसऱ्यात कुबेराला वंदन आहे. तिसऱ्यात राज्यांचे नाना प्रकार येतात आणि समुद्रापर्यंतच्या पृथ्वीवर एकाच राजाची सत्ता असावी, अशी इच्छा येते. चौथ्यात मरुत्त नावाच्या राजाची थोरवी आहे, की त्याच्या घरी प्रत्यक्ष मरुद्गण वाढपी होते. या चारांत गणपतीचं नाव कुठेच नाही. काही ठिकाणी शेवटी गणेशगायत्री जोडतात तेवढंच. ‘घालीन लोटांगण’चंही तेच. ते मराठीत सुरू होतं आणि पुढच्याच कडव्यात संस्कृतात शिरतं. भाषा बदलल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण चाल बदललेली नसते.

या अंकाचा विषय ‘भाषा’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला लेखक, बोली, अनुवाद यांच्याआधी हा मंडप आठवला. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात जी वाक्यं सर्वांत जास्त वेळा उच्चारली, ती आपल्याला न येणाऱ्या भाषेतली आहेत. म्हणून ठरवलं की वेगवेगळ्या प्रार्थनास्थळी जायचं, मागे बसायचं आणि दोन गोष्टी पाहायच्या. शब्द कळत नसताना माणसं प्रार्थनेत नेमकं काय करतात? आणि जे त्यांना कळत नाही, ते कुणाकडे ठेवलेलं असतं?

लाल देवळातला शनिवार

पुण्याच्या कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि १८६७ मध्ये ते पुरं झालं. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, म्हणून पुणं त्याला लाल देऊळ म्हणतं. आत जायला आधी परवानगी लागते. दारात पोलीस असतात, ओळखपत्र दाखवावं लागतं. मी शब्बाथला, म्हणजे शनिवारी सकाळी गेले. वही काढली तर शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं, “ती पिशवीतच ठेवा हो, आज लिहायचं नसतं.” लिहिणं हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांपैकी एक आहे. त्यामुळे पुढचं सगळं आठवणीतून लिहिते आहे.

बायकांची जागा वरच्या सज्ज्यात. बाईंच्या हातात हिब्रू प्रार्थनांचं जुनं पुस्तक होतं. समासात पेन्सिलीनं बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेले. “आमच्या आईनं लिहिलेत,” त्या म्हणाल्या. हिब्रू अक्षरं त्यांना ओळखता येतात, पण वाचण्याचा वेग गाठता येत नाही. खाली हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, भराभर पुढे जात होते. बाई मात्र गोंधळलेल्या नव्हत्या. उठायचं कधी, बसायचं कधी, वाकायचं कधी, हे त्यांच्या अंगात होतं. माझं पान चुकलं की त्या पुस्तकातली ओळ बोटानं दाखवत आणि पुन्हा आपल्या जागी जात. ‘शेमा’ ही यहुद्यांची सर्वांत मूलभूत प्रार्थना आली तसा त्यांचा उजवा हात डोळ्यांवर गेला. सज्ज्यातल्या साऱ्याच बायकांचा गेला.

मग पवित्र पेटी उघडली. तोराहची गुंडाळी इथे लाकडी नळकांड्यासारख्या उभ्या पेटीत असते आणि उभी ठेवूनच वाचतात. तिच्यात स्वरचिन्हं नसतात, नुसती व्यंजनं असतात. स्वर आणि चाल दोन्ही वाचणाऱ्याला आधी पाठ लागतात. तो एका अक्षराला अडखळला तर खालून दोन-तीन आवाज एकदम दुरुस्ती करतात. अर्थाबद्दल विचारलं असतं तर यातले काही जण थांबले असते, पण उच्चाराच्या बाबतीत कुणी थांबत नव्हतं.

कद्दीश ही प्रार्थना घरात कुणी गेल्यावर म्हणतात. ती हिब्रूतही नाही, ती अरामी भाषेत आहे. गंमत म्हणजे तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, देवाच्या नावाची थोरवी आहे. ती म्हणायला दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. म्हणजे वडील गेलेल्या मुलाला घरी एकट्यानं बसून ती म्हणता येत नाही. त्याला लोकांत यावंच लागतं, आणि लोकांनाही त्याच्यासाठी यावं लागतं. शब्द काय सांगतात याच्याइतकंच ते कुणाला एकत्र आणतात हे महत्त्वाचं असतं, याचा एवढा स्पष्ट नमुना मला दुसरा दिसला नाही.

बेने इस्रायलांच्या, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांच्या, परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू ते जवळजवळ विसरले होते. उरला होता शेमा, असं ते सांगतात. पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक आले, मग मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. धर्मांतराची आशा होती, पण लोकांनी हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. नंतर जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत सचित्र छापला गेला. त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास तर बेने इस्रायलांनी कीर्तनाचा साचाच उचलला आणि अब्राहाम-योसेफांच्या कथा मराठी आख्यानांतून सांगायला सुरुवात केली. देवळात हिब्रू, कीर्तनात मराठी, अशी वाटणी झाली.

समाजातले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले आणि ही वाटणी उलटी झाली. लोद, अश्दोद, दिमोना या गावांत वाढलेल्या नातवंडांना प्रार्थनेची भाषा भाजीवाल्याच्या तोंडी ऐकू येते. तिच्यातली जुनी रूपं सोडली तर त्यांना ती समजते. ज्यांचा अर्थ आजी-आजोबांना विचारावा लागतो ती आता मराठी गाणी झाली आहेत.

संथा

नाशिकच्या एका वेदपाठशाळेत सकाळी गेले. बारा-चौदा वर्षांची मुलं गुरुजींसमोर अर्धवर्तुळात बसली होती. गुरुजी एक तुकडा म्हणत, मुलं तो पुन्हा पुन्हा म्हणत. याला संथा देणं म्हणतात. पुस्तक शेजारी असलं तरी नजर गुरुजींच्या चेहऱ्यावर होती. स्वर वर गेला की मुलांची मान वर, खाली गेला की खाली. कुणाची मान चुकली की गुरुजी थांबत, कारण मान चुकली म्हणजे स्वर चुकणारच.

ऋग्वेदात १,०२८ सूक्तं आणि साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा आहेत. ही एवढी सामग्री हजारो वर्षं तोंडी टिकली ती निव्वळ श्रद्धेच्या बळावर टिकली नाही. तिच्यामागे एक कडक यंत्रणा आहे. आधी संहिता, मग प्रत्येक शब्द सुटा करून पदपाठ. मग क्रमपाठ, त्यात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात त्याहून पुढे : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग तिन्ही सुलट, तिन्ही उलट, पुन्हा तिन्ही सुलट. उलट क्रमानं म्हटल्यावर वाक्याला अर्थ उरत नाही. पण एखादं अक्षर गळलं किंवा बदललं तर या उलटसुलट फेऱ्यांत ते लगेच उघडं पडतं. घनपाठ ही पाठांतराची हिशेबतपासणी आहे, आणि ती करताना अर्थ मुद्दाम बाजूला ठेवावा लागतो. अर्थ समजणारा माणूस नकळत ‘सुधारून’ म्हणतो, तो धोका इथे नको असतो.

“मुलांना अर्थ शिकवता?” मी गुरुजींना विचारलं. ते सरळ म्हणाले, “ताई, आधी कंठस्थ. आठ-दहा वर्षं त्यात जातात. ज्याला भाष्याकडे जायचं तो जातो. सगळे जात नाहीत.”

हा वाद आजचा नाही. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचं मत नोंदलेलं आहे की मंत्रांना अर्थच नसतो. यास्क त्याला उत्तर देताना म्हणतो की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. आणि ज्यानं वेद पाठ केला पण अर्थ जाणला नाही, त्याला तिथे ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. दोन्ही मतं एकाच ग्रंथात, शेजारी शेजारी. विसाव्या शतकात डच अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी कौत्साची बाजू नव्यानं मांडली. १९७५ मध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी केलेल्या बारा दिवसांच्या अग्निचयन यज्ञाचं त्यांनी चित्रण केलं. पुढे त्यांचं प्रतिपादन असं झालं की कर्मकांड हे नियमांनी बांधलेलं असतं, अर्थानं नव्हे. मंत्रांची रचना त्यांना भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याला जवळची वाटली. पाठशाळेत तासभर बसलं की त्यांना असं का वाटलं ते कळतं. ते पुरतं पटत मात्र नाही, कारण पाठशाळेबाहेर हेच मंत्र माणसांवर म्हटले जातात.

‘मम म्हणा’

घरच्या सत्यनारायणाला गुरुजींचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं. “डोळ्यांना पाणी लावा. पळीनं पाणी सोडा. अक्षता वाहा. वहिनी, तुम्ही हाताला हात लावा. मम म्हणा.” मंत्र संस्कृतात, हुकूम मराठीत, आणि दोन्ही एका दमात. यजमानाचं सगळं कर्तृत्व त्या ‘मम’मध्ये. संकल्पात त्याचं नाव, गोत्र, गाव आणि पूजेचं कारण गुंफलेलं असतं. म्हणजे देवापुढे त्याच्या वतीनं एक निवेदन सादर होतं आणि तो त्याला संमती देतो. निवेदनात काय आहे, हे त्यानं गुरुजींवर सोपवलेलं असतं.

बहुतेक वेळा या विश्वासाला धक्का लागत नाही. पण महाराष्ट्राच्या इतिहासात तो एकदा असा मोडला की सगळं राज्य ढवळून निघालं. १८९९ च्या कार्तिकात छत्रपती शाहू महाराज पंचगंगेवर पहाटेच्या स्नानाला जात. पुरोहित मंत्र म्हणत, महाराज स्नान करत. सोबत संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत होते. त्यांच्या कानांनी ओळखलं की म्हटले जात आहेत ते मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. विचारल्यावर पुरोहितानं सांगितलं की शूद्राला पुराणोक्तच सांगायचे असतात. तो स्वतः आंघोळ न करता आला होता, तेही उघड झालं.

तपशील पाहा. वेदोक्त आणि पुराणोक्त दोन्ही संस्कृतच. घाटावर उभ्या माणसाला दोन्ही सारखेच पवित्र, सारखेच अगम्य. राजाला त्याच्याच समोर, त्याच्याच पूजेत, रोज खालच्या पायरीवर बसवलं जात होतं. भागवतांचा कान तिथे नसता तर ते कळलंही नसतं. वेदोक्त प्रकरण पुढे वर्षानुवर्षं चाललं. राजोपाध्यांची इनामं जप्त झाली. १९२० मध्ये शाहूंनी कोल्हापुरात श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढलं, तिथे ब्राह्मणेतर मुलं पौरोहित्य शिकू लागली.

महात्मा फुल्यांना हे आधीच दिसलं होतं. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या कामांत लग्न होतं. फुल्यांनी मराठीत मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू-वर एकमेकांशी बोलतात आणि वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते. जे वचन कळत नाही ते दिलंच गेलेलं नाही, असा त्यामागचा रोकडा विचार आहे.

त्याही मागे तेरावं शतक आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला गीता मराठीत सांगितली, हे शाळेतलं पोरही सांगेल. महानुभावांची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या पश्चात नागदेवाचार्यांनी केशोबासाला संस्कृतात लिहिण्यापासून थांबवलं, कारण तसं झालं असतं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या गेल्या असत्या. मराठीच्या बाजूनं इतकं मायेचं कारण दुसऱ्या कुणी दिल्याचं मला माहीत नाही. आणि याच पंथानं पुढे आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते. म्हणजे प्रार्थना मायबोलीत आणली की काम संपलं, असंही नाही. कुलूप भाषेला लागतं तसं लिपीलाही लागतं.

पालीनंतर मराठी

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका विहारात रविवारी सकाळी वंदना होती. पांढरे कपडे, मेणबत्त्या, उदबत्त्या, बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची तसबीर. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. ते पालीत. समोरच्या रांगेत तिसरी-चौथीतल्या मुली होत्या, त्यांना सगळं पाठ. शेवटी तीनदा ‘साधू’ झाल्यावर बौद्धाचार्य थांबले आणि मुलींना म्हणाले, “आता चौथं शील मराठीत सांग बघू.” एकीनं सांगितलं : खोटं न बोलणं. “आणि या आठवड्यात किती वेळा बोललीस?” सगळे हसले, मुलगीही हसली.

ही पद्धत त्या बौद्धाचार्यांची एकट्याची नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील पालीत घेतलं. त्यानंतर समोरच्या लाखो लोकांना त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. एकाच मांडवात दोन भाषा आणि दोघींना वेगळी कामं. श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड इथल्या बौद्धांशी नातं पालीनं जोडलं, कारण हेच शब्द तिथेही म्हटले जातात. कोणते देव सोडायचे, कोणते विधी टाळायचे, कसं वागायचं, याबद्दल संदिग्धता राहू नये म्हणून ते मराठीत आलं. बाबासाहेबांनी पालीचा कोश आणि व्याकरण यांवर मेहनत घेतली होती. ‘बौद्ध पूजा पाठ’ ही छोटी पुस्तिका त्यांनी तयार केली, तीत गाथांसोबत मराठी अर्थ आहे. न कळणारी भाषा त्यांनी नाकारली नाही. तिची किल्ली मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या हाती दिली.

वंदनेनंतर चहा घेताना एका आजींना विचारलं, पाली कळते का? “शब्द न् शब्द नाही कळत. पण कशाबद्दल आहे ते कळतं,” त्या म्हणाल्या. “आमच्या आजीला देवळात पायच ठेवू देत नव्हते. मी पुढं बसून म्हणते.”

घंटा कशाला वाजायची

वसईतल्या एका वाडीत केळीच्या बागेशेजारी एक आजोबा भेटले. लहानपणी ते चर्चमध्ये वेदीसेवक होते. लॅटिनमधली उत्तरं त्यांना आजही पाठ आहेत, ती त्यांनी एका श्वासात म्हणून दाखवली. “फादर आमच्याकडे पाठ करून उभे. ते लॅटिनमध्ये बोलायचे, आम्ही पोरं लॅटिनमध्ये उत्तर द्यायचो. दोघांचं चाललेलं असायचं.” आणि लोक काय करत? “लोक रोजरी म्हणत. आपापली, आपल्या बोलीत.” मग मिस्सा कुठवर आला हे त्यांना कसं कळे? “म्हणून तर घंटा. घंटा वाजली की सगळ्यांनी वर बघायचं, फादर भाकर वर उचलतात ती वेळ.”

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेसंबंधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांचा मार्ग मोकळा झाला. पुढच्या काही वर्षांत फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले, मिस्सा मराठीत आला. पुढे वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या दिवसांची हळहळ वाटते का, असं आजोबांना विचारलं. “नाही,” ते म्हणाले. “पण तेव्हा चर्चमध्ये कुणी कंटाळत नव्हतं. आता प्रवचन लांबलं की सगळ्यांना कळतं.”

गोव्यात गोष्ट थोडी निराळी घडली. तिथे लॅटिन पूजेला हात न लावता तिच्या शेजारी मराठी ग्रंथ ठेवण्याचा प्रयोग फार आधी झाला होता. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. मिस्सा लॅटिनमध्ये आणि पुराण लोकांच्या भाषेत, ही तीच वाटणी जी नंतर बेने इस्रायलांनी केली. आज गोव्यातला मिस्सा मुख्यतः कोंकणीत असतो. पण उपवासकाळात काही गावांत अजून मोतेत ही लॅटिन भक्तिगीतं गातात. ती गोव्याच्याच संगीतकारांनी रचलेली. व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीनं, ख्रिस्ताच्या यातनांवरची. पूर्वी चर्चचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, गावच्या मुलांना स्वरलेखन शिकवायचा, त्यातून हे गायक तयार झाले. आता मेस्त कमी झाले, तरी घराघरांतून चालत आलेल्या वह्या आहेत. गाणाऱ्या बाईंनी मला त्यांची वही दाखवली. लॅटिन शब्दांखाली त्यांनी कोंकणीत एकेक ओळ सारांश लिहिला होता. “अर्थ माहीत नसला तर रडू कुठं आणायचं?” असं त्यांचं म्हणणं.

मागणं मात्र आपल्या बोलीत

या सगळ्या हिंडण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. तिची मी अपेक्षा केली नव्हती.

रायगड जिल्ह्यातल्या एका कोकणी मुस्लीम शिक्षिकेनं ती पहिल्यांदा स्पष्ट करून सांगितली. नमाज अरबीत. जुम्म्याचा खुतबा अरबीत, त्याआधीचं बयान उर्दूत. मुलं मदरशात कुराण वाचायला शिकतात ती नाजरा पद्धतीनं, म्हणजे बघून शुद्ध वाचण्यापुरती. “पण नमाज झाल्यावर हात उचलून दुआ करतो ना, तेव्हा मी कोकणीत बोलते. भावाचं ऑपरेशन आहे, लेकीचं लग्न आहे. ते अरबीत कसं सांगायचं?” तुर्कस्तानात १९३२ पासून अजान तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली आणि १९५० मध्ये सरकार बदलताच ती उठली. लोक लगेच अरबी अजानकडे परतले. तिथल्या लोकांनाही दुआ तुर्कीत करायला कधीच कुणाची हरकत नव्हती.

दादरच्या पारशी कॉलनीत एका घरी तेच. अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नसतो, म्हणून घरीच गेले. नातवाचा नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, जवळ आला होता. आजोबा त्याच्याकडून ‘अशेम वोहू’ आणि ‘यथा अहू वैर्यो’ घोटून घेत होते. पहिली प्रार्थना बारा शब्दांची, दुसरी एकवीस. भाषा अवेस्ता, ती आज जगात कुणाचीही बोलभाषा नाही. पुस्तक गुजराती लिपीत. लोकरीच्या बहात्तर धाग्यांची कुस्ती कमरेला गुंडाळताना हात आणि शब्द एका तालात चालावे लागतात. एक चुकलं की दुसरं अडतं. अवेस्तातल्या गाथा या थेट जरथुष्ट्राच्या आहेत, हे विद्वानांच्या जगात पक्कं करणारे मार्टिन हाउग १८५९ पासून काही वर्षं पुण्यात शिकवत होते. त्याआधी शेकडो वर्षं मोबेदांनी, म्हणजे पुरोहितांनी, तो मजकूर तोंडानं जपला होता, त्यातल्या अनेकांना व्याकरण ठाऊक नसताना. कुस्ती बांधून झाल्यावर आजोबांनी डोळे मिटून गुजरातीत काहीतरी पुटपुटलं. “ते काय?” मी विचारलं. “ए तो मारी वात,” ते म्हणाले. ते माझं खासगी.

आणि सिंधुदुर्गात देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात ते कुणी संस्कृतात घालत नाही. गुरव पूजा सांगेल, पण मुंबईला नोकरी लागू दे, गुरांचा रोग जाऊ दे, वाटेकऱ्याचं डोकं ठिकाणावर येऊ दे, हे सगळं मालवणीत. आणि जमलेल्यांचं उत्तर ‘व्हय महाराजा’. गाऱ्हाण्यातला प्रत्येक शब्द प्रत्येकाला कळतो. कळायलाच हवा, कारण गाव साक्षीला उभं असतं.

स्तुती परक्या भाषेत, मागणं आपल्या भाषेत, ही वाटणी जवळजवळ सगळीकडे आहे. स्तुती पूर्वजांची असते. ती जशीच्या तशी पुढे द्यायची म्हणून तिला हात लावत नाहीत. मागणं आजचं असतं, ते रोज बदलतं. म्हणून ‘न कळता पोपटपंची करतात’ ही टीका अर्धीच खरी. त्या बायका, ती मुलं, ते आजोबा कुठल्या वेळी काय करायचं, कुणाबरोबर करायचं आणि आपलं कधी बोलायचं, हे नीट जाणून असतात.

विचारण्याची सोय

उरलेली अर्धी टीका मात्र गंभीर आहे. पंचगंगेच्या घाटावर जे घडलं ते भाषा अगम्य होती एवढ्यानं घडलं नाही. अर्थ एकाच गटाकडे होता आणि इतरांना तो विचारण्याची सोय नव्हती, म्हणून घडलं. लाल देवळातल्या बाईंच्या समासातलं देवनागरी, राजपूरकरांची पुस्तकं, गोव्याच्या वहीतली कोंकणी ओळ, विहारातल्या मुलीला विचारलेलं चौथं शील, या सगळ्या त्या सोयी आहेत. त्या असल्या की परकी भाषा जाचत नाही. नसल्या तर मायबोलीही बंद पेटी होते, महानुभावांच्या पोथ्यांसारखी.

आज ही सोय करणं अवघड राहिलेलं नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत स्त्री-पुरुष दोघंही पौरोहित्य शिकतात. ते विधी चालवताना मंत्राचा अर्थ मराठीत सांगत जातात, आणि न पटणारा भाग का वगळला तेही सांगतात. लग्न थोडं लांबतं. वऱ्हाडी कुरकुरतात. पण नवरा-नवरीला आपण काय कबूल केलं ते माहीत असतं.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं. परक्या भाषेतली प्रार्थना सोडण्याची गरज नाही. तिच्यात पूर्वजांचे आवाज आहेत आणि ते एकदा गेले की परत येत नाहीत. पण येत्या वर्षात घरी पूजा, लग्न, निकाह, नवजोत, वंदना किंवा मिस्सा, काहीही असेल, तर म्हणणाऱ्याला आधी विचारा : यात काय आहे? त्यानं आनंदानं सांगितलं तर माणूस योग्य मिळाला. त्याला माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. आणि ‘तुम्हाला काय करायचंय त्याचं’ असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस बोलवा.